‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोठे?



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपणही चार ओळी लिहाव्यात, असा संपादिकाबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी काही लेखिका नव्हे. परंतु “तुम्ही पहिल्या टी.व्ही.पासूनच्या साक्षीदार आहात, त्यावर लिहा,” असे त्या म्हणाल्या आणि माझ्या मनात एक जुनी बोच पुन्हा जागी झाली. तिचा संबंध टी.व्ही.वरील बातम्यांशी, विशेषतः त्यांच्या शेवटी येणाऱ्या हवेच्या अंदाजाशी आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे माहेर श्रीवर्धनचे. तेथे माझ्या लहानपणी हवामानाची बातमी कोणी वाचून दाखवीत नसे, ती बंदरावर टांगली जाई. “तीन नंबरचा बावटा लागला” एवढे शब्द गावात फिरले, की होड्या वर ओढल्या जात आणि आई पडवीतील लाकडे आत घेई. पुढे घरात रेडिओ आला. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागत. सुधा नरवणे यांचा स्वच्छ, ठाम आवाज कानी पडला, की चहाचे आधण चुलीवरून उतरत असे. बावटा आमच्या बंदरापुरता बोले, रेडिओ साऱ्या महाराष्ट्रासाठी बोले. हा फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. तो ध्यानात यावयास पुढे फार मोठी किंमत मोजावी लागली.

आपल्या देशात टी.व्ही.चा प्रयोग दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला. मुंबईस मात्र २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. वरळीचा मनोरा उभा राहिला, आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्याने मुंबईचे कार्यक्रम पुण्यातही पोहोचविले. मी १९७३ साली लग्न होऊन कुर्ल्याच्या या वसाहतीत आले, तेव्हा साऱ्या वसाहतीत एकच संच होता. लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा. त्या घरची मंडळी खुर्च्यांवर, मुले जमिनीवर आणि आम्ही सुना दारात पदर सावरून उभ्या, अशी बैठक असे. गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरला, की पडद्यावर मुंग्या येत आणि कोणी तरी मुलगा वर धावे. मधेच कार्यक्रम खुंटला, की पडद्यावर ‘व्यत्यय’ असा शब्द येई. तोही आम्ही तितक्याच भक्तिभावाने पाहत असू.

त्या काळी बातम्या सांगणारी माणसे म्हणजे घरचीच वाटत. डॉ. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, भक्ती बर्वे, चारुशीला पटवर्धन, आणि पुढे सिनेमात मोठे नाव मिळविलेल्या स्मिता पाटील. प्रदीप भिडे १९७४ पासून पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ बातम्या वाचीत राहिले. २०२२ साली ते गेले, तेव्हा आपल्या मंडळात दोन मिनिटे शांतता पाळली होती, ते पुष्कळजणींना आठवत असेल. आवाज न चढविता, चेहऱ्यावर राग-लोभ न दाखविता हे सर्वजण बोलत. आमच्या सासूबाई तर बातम्या संपताना निवेदिकेला उलट नमस्कार करीत!

आपल्या मंडळाने १९७९ साली संच घेतला. पापड-कुरडया आणि दिवाळीचा फराळ विकून दोन वर्षे पैसे साठविले होते. संचाबरोबर त्याचा परवानाही काढावा लागे. १९८५ मध्ये ती कटकट संपली. संध्याकाळी मंडळाच्या खोलीत तीस-चाळीसजणी जमत. बातम्यांच्या अगदी शेवटी हवेचा अंदाज येई. तो आम्हां सर्वजणींना पाठ झाला होता: “येत्या चोवीस तासांत कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, तर मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल.” आरतीनंतर मंत्रपुष्पांजली यावी, तसा तो येई. तोवर निम्म्याजणी उठून चपला शोधू लागत. “हे ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे गाव तरी कुठले हो?” असा विनोद तर दर पावसाळ्यात ठरलेला. वेधशाळेने पाऊस सांगितला, की छत्री घरी ठेवावी, अशी थट्टाही सर्रास चाले. त्या थट्टेत मीच पुढे असे, हे येथे कबूल करते.

पुढची पायरी रंगाची आणि उपग्रहाची. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एशियाड खेळांनी घरोघरी रंगीत संचांची हौस निर्माण केली. त्याच साली सोडलेला इन्सॅट-१ए हा उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला. परंतु ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला आणि टिकला. या एकाच उपग्रहाकडे दोन कामे होती. टी.व्ही.चे कार्यक्रम दूरवर पोहोचवावयाचे आणि वरून ढगांची छायाचित्रे घ्यावयाची. म्हणजे जो आपल्याला बातम्या आणून देई, तोच आभाळाकडे नजरही ठेवी! बातम्यांच्या शेवटी भारताच्या नकाशावर कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे ढग दिसू लागले. आम्ही ते कौतुकाने पाहत असू. पण त्या नकाशात मुंबई मोहरीच्या दाण्याएवढी, मग कुर्ला कोठून दिसणार?

१९९१-९२ नंतर तारेचा टी.व्ही. आला आणि वाहिन्यांचा सुकाळ झाला. आधी मालिका आल्या, बातम्या मागून. मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या २००७ च्या सुमारास उभ्या राहिल्या. परंतु त्यापूर्वीच आपल्यावर तो दिवस येऊन गेला होता.

२६ जुलै २००५, मंगळवार. माझी मुलगी तेव्हा फोर्टात नोकरीस होती. सकाळी मुसळधार पावसाचा अंदाज ऐकला होता, पण जुलैत मुंबईस तो नसतो कधी? दुपारी दोनच्या सुमारास येथे अंधारून आले आणि कोणी तरी आभाळाचा बांध फोडावा तसे पाणी कोसळू लागले. मुलीचा फोन आला, “आई, इकडे काहीच विशेष नाही. थांबू की निघू?” मी म्हणाले, “पावसाचे काय एवढे? लवकर निघ, म्हणजे गाड्या बंद पडण्याआधी पोहोचशील.” मी तिला निघावयास सांगितले. हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

तासाभरात वीज गेली. पाठोपाठ फोन गेले. मिठी नदीचे पाणी वसाहतीत शिरले आणि जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत चढले. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांना आम्ही वर घेतले, पण त्यांचे धान्य, मुलांची पुस्तके, एका घरचे शिवणयंत्र, सारे पाण्यात गेले. मंडळाच्या खोलीतला रंगीत संच पाण्यावर उपडा तरंगत होता. ज्या संध्याकाळी बातमीची सर्वांत अधिक गरज होती, त्या संध्याकाळी टी.व्ही. मुका होता. वरच्या मजल्यावरील आजोबांच्या खिशातला सेलवरचा रेडिओ तेवढा बोलत राहिला. जिन्यात चाळीस माणसे त्याच्याभोवती रात्रभर बसली होती.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दादरहून छातीभर पाण्यातून चालत निघालेली ती, शीवला एका अनोळखी घरात रात्रभर राहिली होती. त्या घरच्या माउलीने तिला कोरडे पातळ आणि गरम पिठले-भात दिला. ती आली, पण त्या पुरात शेकडो घरांतली माणसे परत आली नाहीत. आपल्या घरचे माणूस सुखरूप आले याचा आनंद मानावयास जीव धजेना.

वीज आल्यावर बातम्यांत दोन आकडे ऐकले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३ च्या आसपास. दोहोंत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे. मुलगी फोर्टातून जे पाहत होती तेही खरे, आणि मी कुर्ल्यातून जे पाहत होते तेही खरे! त्या दिवशी ‘तुरळक ठिकाण’ म्हणजे आम्हीच होतो.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आपण मंडळात वेधशाळेतील एका निवृत्त गृहस्थांचे व्याख्यान ठेविले होते. मी त्यांना भीतभीत तोच जुना प्रश्न केला. ते हसले नाहीत. म्हणाले, “बाई, हा शब्द मोघम नाही, तो मोजून वापरलेला असतो.” एका विभागात पाऊस मोजण्याची जेवढी ठिकाणे, त्यांपैकी फार तर चतुर्थांश ठिकाणी पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक’. चतुर्थांश ते निम्म्या ठिकाणी असेल, तर ‘काही’. निम्म्याहून अधिक, पण पाऊण भागापर्यंत, तर ‘बऱ्याच’. ‘मुसळधार’ हेही विशेषण नव्हे, माप आहे: दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, आणि २०४.५ च्या पुढे त्याहूनही भयंकर. आणि हा ‘दिवस’ सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात. पंचवीस वर्षे जे मी मंत्रासारखे ऐकले, त्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी प्रथम कळला. आपण ज्याला टाळाटाळ समजून हसलो, तो हिशेब होता.

व्याख्यात्यांनी त्यांची उणीवही लपविली नाही. ढगांच्या पोटात किती पाणी आहे ते सांगणारे डॉप्लर रडार २००५ साली मुंबईत नव्हते. पुढे ते कुलाब्यास बसले आणि २०२२ मध्ये अंधेरीकडे वेरावलीस दुसरे आले. महानगरपालिकेने अग्निशमन केंद्रांवर व इतरत्र आपोआप पाऊस मोजणारी यंत्रे बसविली. त्यामुळे आता बातम्यांत केवळ ‘मुंबई’ न म्हणता कोणत्या भागात किती पाऊस झाला ते सांगता येते. बावट्याची जागा रंगांनी घेतली: हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा.

याचे फळ मी माहेरी पाहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दोन दिवस आधीपासून टी.व्ही.वर वादळाची वाट नकाशावर दाखवीत होते. माझा भाऊ घरची सर्व मंडळी घेऊन पक्क्या इमारतीत राहावयास गेला. आमची आजोबांच्या हातची सुपारीची वाडी एका दुपारी आडवी झाली आणि घरावरची कौले उडाली, पण माणसे वाचली. फोनवर तो रडत होता, आणि तो रडू शकतो आहे म्हणून मी देवाचे आभार मानीत होते.

तरीही आजच्या बातम्यांविषयी एक तक्रार केल्यावाचून राहवत नाही. पूर्वी हवेचा अंदाज शेवटी असे म्हणून आम्ही ऐकला नाही, आज तो दिवसभर ओरडून सांगतात म्हणून सुना-नातवंडे ऐकत नाहीत! हिंदमात्याचे तेच गुडघाभर पाणी सकाळपासून रात्रीपर्यंत फिरवून दाखविले, की खरा लाल रंग येतो तेव्हा त्यालाही माणसे सरावतात. कुजबुज आणि कोलाहल, दोहोंतही शब्द हरवतोच. आवाज न चढविता नेमके सांगणे ही त्या जुन्या निवेदकांची शिस्त, आणि कोठे, केव्हा, किती हे सांगू शकणारी आजची यंत्रे, यांची सांगड जेथे पडते, तेथे बातमी उपयोगी पडते.

आणि तेवढ्यानेही काम पुरे होत नाही. रडार कुर्ल्यापर्यंत पोहोचेल, पण तळमजल्यावरच्या, ऐकू न येणाऱ्या आजींच्या दारापर्यंत पोहोचणार नाही. २००६ पासून आपल्या मंडळाने नेमून दिलेल्या चौघीजणी नारिंगी किंवा लाल इशारा आला, की प्रत्येक मजल्यावर जाऊन निरोप सांगतात, आणि बाहेर गेलेल्या माणसांस फोन करून “आहात तेथेच थांबा” असे कळवितात. पन्नास वर्षांत मंडळाने भजने, भोंडले, सहली पुष्कळ केल्या. मला विचाराल, तर हे काम मी सर्वांत वर ठेवीन. तरुण मुलींनी ते आता हाती घ्यावे. आमचे गुडघे जिने चढू देत नाहीत.

माझी मुलगी आज पन्नाशीकडे झुकली आहे. पावसाळ्यात तिचा फोन आला आणि “आई, निघू का?” असे तिने विचारले, की मी आधी अंदाज पाहते, मग उत्तर देते.