सोयगाव : घाटाने घडवलेला वारसा

सोयगाव हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुक्याचे गाव. जिल्हा मराठवाड्यातला, पण गाव अजिंठा डोंगराच्या खानदेशाकडच्या पायथ्याशी वसलेले. डोंगरावर दख्खनचे पठार, खाली तापीचे खोरे आणि मधे घाटवाटा. तालुक्याचा सगळा वारसा या वाटांच्या आसपास उभा राहिला.

पैठण आणि भोकरदन ही सातवाहन काळातली मोठी व्यापारी गावे. तिथला माल उत्तरेकडे जाताना हा डोंगर उतरावाच लागे. याच डोंगरात, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, इसवी सनपूर्व काळात बौद्ध भिक्खूंसाठी लेणी खोदली जाऊ लागली. अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात असले, तरी त्याच्या नावाने जगभर ओळखली जाणारी ही लेणी सोयगाव तालुक्यात, लेणापूरजवळ आहेत.

पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळी कामाला पुन्हा जोर आला. त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख १६ क्रमांकाच्या लेण्यात आहे. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यातही त्याचाच लेख आहे. एकाच दात्याने या डोंगरात दोन ठिकाणी लेणी कोरवून घेतली.

चित्रांसाठी कातळ मुद्दाम खडबडीत ठेवत. त्यावर भाताचा तूस आणि गवताचे तंतू कालवलेल्या मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात. इटलीतल्या भित्तिचित्रांत ओल्या चुन्यावर रंग भरत. इथे कोरड्या पृष्ठावर, चिकट द्रव्यात कालवून भरले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग सहज मिळणारे. निळ्यासाठीचा लाजवर्द मात्र अफगाणिस्तानातून येई. व्यापारी वाटांचे देणे असे चित्रांतही उतरले आहे.

पुढे घाटावर पहारा बसला. सोयगावहून हळद्याकडे चढणाऱ्या वाटेवर वेताळवाडीचा किल्ला आहे. तटबंदी, बुरूज आणि भक्कम दरवाजे अजून शाबूत असून, माथ्यावरच्या कमानींतून खालचा घाटरस्ता नजरेत येतो. फर्दापूरला प्रवाशांच्या मुक्कामासाठी मोगल काळात सराई उभी राहिली.

१८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने लेण्यांपाशी पोहोचला आणि त्यांची वार्ता बाहेर गेली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रांच्या जतनासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला. पण वर दिलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले आणि पुढच्या पिढ्यांना ते उतरवावे लागले. १९८३ साली अजिंठा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. वेताळवाडी आणि घटोत्कच यांच्याकडे मात्र आजही फार थोडे प्रवासी वळतात. अजिंठा का घडला हे समजून घ्यायचे, तर लेण्यांबरोबर ही ठिकाणेही पाहायला हवीत.