शेरलॉकचा बाप आणि दावोसचे दोन भाऊ

दावोस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दर जानेवारीत बातम्यांमध्ये दिसणारे कोटातले मंत्री आणि गुंतवणुकीचे करार. पण सव्वाशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधलं हे गाव क्षयरोग्यांचं होतं. औषध नव्हतंच. कोरडी, थंड, उंचावरची हवा हाच काय तो इलाज.

१८९३ च्या अखेरीस आर्थर कॉनन डॉयल इथे आला तो याच कारणाने. बायकोला, लुईसाला, क्षय झाला होता आणि ती फार तर काही महिने काढेल असं डॉक्टरांचं मत होतं. हा स्वतःही डॉक्टर, त्यामुळे खोट्या आशेची सोय नाही. त्याच डिसेंबरात त्याने शेरलॉक होम्सला छापील पानांवर धबधब्यात ढकललं होतं आणि वाचक खवळले होते. (भालबा केळकरांच्या अनुवादातून शेरलॉक वाचलेल्यांना तो रायशेनबाखचा धबधबा चांगलाच माहीत असेल.)

तर असा हा माणूस, घरात आजारपण, बाहेर बर्फच बर्फ. गावात त्याला टोबियास आणि योहान हे ब्रांगर बंधू भेटले. दोघे तिथले दुकानदार, पण वेड स्कीचं. नॉर्वेतल्या लोकांना स्की नवी नव्हती, आल्प्समध्ये मात्र हा प्रकार जवळजवळ कोणी पाहिला नव्हता. पायाला लांबच लांब फळ्या बांधून धडपडणाऱ्या माणसांना लोक हसायचे. म्हणून हे भाऊ म्हणे अंधार पडल्यावर सराव करायचे! १८९३ मध्ये ते मायेनफेल्डर फुर्गा ही खिंड ओलांडून शेजारच्या अरोसाला स्कीवरून जाऊन आले होते. खिंडीची उंची साधारण २,४४० मीटर. दावोस आणि अरोसा यांच्यामध्ये आजही थेट गाडीरस्ता नाही. रेल्वेने जायचं तर खूर शहराला वळसा घालावा लागतो.

२३ मार्च १८९४ च्या पहाटे तिघे निघाले. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, त्यामुळे आकाशात अजून चंद्र होता. इतक्या लवकर का? तर मार्चमध्ये रात्री बर्फ गोठून घट्ट होतो आणि ऊन चढलं की भुसभुशीत होतो, वरून घसरायला लागतो. म्हणजे पहाटे निघणं ही हौस नव्हती, जिवाचा प्रश्न होता. सोबत ना आजच्यासारखे बूट, ना हिमस्खलनात सापडलेल्याला शोधायची यंत्रं. लाकडी फळ्या, चामड्याचे पट्टे, काठी, बस.

चढ पार पडला. खरी परीक्षा पलीकडच्या उतारावर होती. एका फारच उभ्या कड्यापाशी भावांनी आपापल्या फळ्या जोडून बांधल्या, त्यांची घसरगाडी केली आणि तिच्यावर बसून खाली गेले. डॉयलनेही तसंच करायला घेतलं, तर त्याच्या फळ्या त्याला तिथेच सोडून एकट्याच सुटल्या! मग साहेब बसल्या जागी घसरत खाली. त्याच्या शिंप्याने म्हणे सांगितलं होतं की हॅरिस ट्वीडचं कापड झिजत नाही. डॉयलने नंतर लिहिलं की ते खोटं आहे, आणि पुराव्याचे तुकडे खिंडीपासून अरोसापर्यंत पडलेले सापडतील. दुपार व्हायच्या आत तिघे अरोसात. तिथल्या हॉटेलच्या वहीत टोबियासने डॉयलचा व्यवसाय लिहिला ‘श्पोर्ट्समान’. डॉयल यावर भलताच खूश झाला.

डिसेंबर १८९४ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात त्याचा लेख आला. एक दिवस शेकडो इंग्रज फक्त स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, असं भाकीत त्यात होतं. ते खरं ठरलं. आणि आता इंटरनेटवर सगळीकडे दिसतं: ‘शेरलॉकच्या लेखकाने स्वित्झर्लंडमध्ये स्की आणली.’ मला हे वाक्य खटकतं. खुद्द त्या लेखात त्याने मान्य केलं होतं की आपण पहिले, पण दोन स्विस माणसं सोडून. तेवढे दोन शब्द पुढे गळून पडले. शिवाय ग्लारुस भागात क्रिस्टोफ इसेलिन आणि मंडळींनी जानेवारी १८९३ मध्येच प्रागेल खिंड ओलांडली होती. डॉयलने स्की आणली नाही, स्कीची बातमी जगभर नेली. हे कामही मोठंच आहे, फक्त वेगळं आहे.

आणि लुईसा? काही महिन्यांची मुदत मिळालेली ती बाई १९०६ पर्यंत जगली.