आजोबांची वही : एक दुरुस्ती

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत मी माझ्या आजोबांविषयी एक लेख लिहिला होता. त्यातील एक विधान आज मला मागे घ्यावयाचे आहे.

आजोबांचा जन्म १८९७ चा, प्लेगच्या काळातला. सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. साथीच्या भयाने लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. अशाच एका झोपडीत ते जन्मले. निधन १९८८ मध्ये. पुढे पेठेत थाटलेले घर त्यांनी कधी बदलले नाही. सत्ता मात्र बदलत गेल्या. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आले व जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. दुकानात १९५७ पासून आण्यांचे नवे पैसे झाले, पुढे वाराची जागा मीटरने घेतली. आजोबा मात्र अखेरपर्यंत मनात वारच मोजत, हे मी स्वतः पाहिले आहे.

माझे ते विधान असे होते : ३१ जुलै १९२१ रोजी महात्मा गांधींनी मुंबईत परळ येथे विदेशी कापडाची होळी केली, ते वृत्त ऐकून आजोबांनीही दुकानातील सारे मँचेस्टरचे कापड चौकात जाळले. ही हकीकत वडिलांनी सांगितलेली. शंका घेण्याचे कारण नव्हते. पुढे माळा साफ करताना जुन्या वह्या सापडल्या. वीर निर्वाण संवत २४४८ ची, म्हणजे १९२१ च्या दिवाळीस पूजन झालेली वही उघडली, तो विलायती मलमलीची विक्री महिनोन्महिने नोंदलेली! होळी झालीच नव्हती.

प्रथम ती वही मी मिटून ठेवली. काही दिवसांनी खतावणी लावून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. माल मुंबईच्या आडत्याकडून उधारीवर आणलेला होता. चोवीस वर्षांच्या या तरुणाने तो जाळला असता, तर जळाले असते दुसऱ्याचे धन. मलमल विकली गेली तसतशी बाकी फिटत गेली. बाकी शून्य झाल्यानंतर विलायती मालाची एकही नवी खरेदी नाही. पुढे देशी गिरण्यांचा माल आणि थोडी खादी. आजोबांनी अचौर्य अणुव्रत पाळले, असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु वही कारण सांगत नाही, केवळ आकडे सांगते.

१९५५ च्या वहीत भाद्रपदातील काही पाने कोरी आहेत. प.पू. आचार्य शांतिसागर महाराजांची छत्तीस दिवसांची सल्लेखना कुंथलगिरीस चालू होती. आजोबा दुकान बंद ठेवून दर्शनास गेले होते. १९७४ मध्ये भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी आपला ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हा सत्त्याहत्तराव्या वर्षी ते सभेत मागच्या रांगेत बसले होते.

ती वही मी ट्रस्टच्या ग्रंथालयास दिली आहे. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची प्रत ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी माझ्या लेखातील होळीच्या परिच्छेदावर रेघ मारावी, ही नम्र विनंती.