शाळेची गल्ली आणि रहिवाशाचा परवाना

रस्त्यांच्या इतिहासात आज आपण एका लहानशा गोष्टीकडे पाहणार आहोत. शाळा भरताना आणि सुटताना शाळेसमोरची गल्ली थोडा वेळ गाड्यांना बंद होते, आणि त्या गल्लीत राहणाऱ्यांना आत-बाहेर करायला परवाना मिळतो. ब्रिटनमध्ये याला 'स्कूल स्ट्रीट' म्हणतात. एकट्या लंडनमध्ये अशा ५०० हून अधिक गल्ल्या आहेत. यातली बंदी समजायला सोपी आहे. आम्हाला बोलायचंय ते सवलतीबद्दल. कारण याआधी असाच एक नियम त्याच देशात होऊन गेला, आणि तो सवलतीपाशीच अडला.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मोटारी भराभर वाढल्या. कामगारवस्त्यांतली घरं लहान, अंगण जवळपास नाहीच, त्यामुळे मुलं रस्त्यावरच खेळायची. गाड्यांखाली मुलं मरत होती, आणि रस्त्यात खेळल्याबद्दल दंडही मुलांनाच होत होता! न्यूयॉर्कमध्ये १९१४ पासून पोलीस काही रस्ते ठरावीक वेळी मुलांसाठी बंद ठेवत असत. तसाच प्रयोग १९३० च्या सुमारास मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये झाला, आणि १९३८ मध्ये पार्लमेंटने 'स्ट्रीट प्लेग्राउंड्स ॲक्ट' मंजूर केला. कोणते रस्ते खेळासाठी राखायचे हे आता नगरपालिका ठरवू शकत होती. १९६३ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये असे सुमारे ७५० रस्ते झाले होते.

त्या रस्त्यांवरच्या पाटीचा मजकूर साधारण असा असे: खेळाचा रस्ता, सकाळी आठ ते सूर्यास्त, आत काम असणाऱ्यांना सूट. परवाना नाही, नोंद नाही. रस्त्यावरच्या घरांपर्यंत जाण्याची वाट मोकळी ठेवणं कायद्यानेच आवश्यक होतं. १९३८ मध्ये ही सूट कुणाला खुपली नाही. सॅलफर्डच्या गल्लीत मोटार होती कुणाकडे? कोळशाची गाडी येई, दूधवाला येई, आणि मुलं बाजूला होत.

पुढच्या तीस वर्षांत मोटार त्याच घरांपर्यंत पोहोचली. बाहेरून आडवाटेने घुसणाऱ्या गाड्या कायद्याने अडवल्या होत्या, पण दारात उभी असलेली गाडी शेजाऱ्याची होती. मग खेळायला जागा उरेना. जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या, हेही एक कारण होतंच. पण जे रस्ते उरले, तिथे सूट इतकी पसरली की पाटी नावापुरती राहिली. पुढे पाहता पाहता हे रस्ते विस्मरणात गेले.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा उत्तर इटलीतल्या बोल्झानो शहरात, १९८९ मध्ये. शाळेच्या रस्त्यावर बंदी घालणारं हे पहिलं शहर मानलं जातं. दिवसभर रस्ता राखून ठेवण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. शाळा भरताना आणि सुटताना पंधरा-पंधरा मिनिटं, बस. मुलांची गर्दी असते तेवढ्याच वेळेपुरती मागणी केली, की रहिवाशांनाही ती मान्य करणं जड जात नाही. पुढे बेल्जियममधल्या फ्लँडर्सने ही कल्पना उचलली, आणि २०१८ मध्ये 'शाळेचा रस्ता' ही संज्ञा बेल्जियमच्या वाहतूक नियमांतच आली.

लंडनमध्ये हॅकनीने २०१७ मध्ये सुरुवात केली. इथे जुन्या 'आत काम असणाऱ्यांना सूट'चं रूप बदललं. रहिवासी आपल्या गाडीचा क्रमांक नगरपालिकेकडे नोंदवतो, तोंडावरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, आणि नोंद नसलेल्या गाडीला दंडाची नोटीस घरी जाते. हे जमलं त्याचं कारण कायद्यात आहे. २००३ च्या एका कायद्याने लंडनच्या नगरपालिकांना असा दंड करण्याचा अधिकार मिळाला होता. बाकी इंग्लंडमधल्या नगरपालिकांना तो मे २०२२ नंतरच मागता येऊ लागला. तोवर बहुतेक ठिकाणी शिक्षक आणि पालक स्वतः अडथळे ओढून उभे राहत. चालकाच्या शिव्या खाणारेही तेच.

आता परवान्याचा हिशेब मांडू. तो नसता तर गल्लीतली म्हातारी माणसं, अपंगांना नेणाऱ्या गाड्या, रात्रपाळी करून घरी परतणारे, सगळेच योजनेच्या विरोधात गेले असते. परवान्याने ती संमती मिळवली. पण प्रत्येक यादीला कड असते. घरी येणारी नर्स यादीत आहे का? शेजारच्या रस्त्यावर, जिथे आता पालकांच्या गाड्या थांबतात, तिथल्या रहिवाशाला काय मिळालं? दर ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत, आणि भांडणंही त्यावरूनच होतात.

योजनेचा उपयोग झाला का? ब्रेंट, एनफील्ड आणि लॅम्बेथ इथल्या १८ प्राथमिक शाळांजवळ संवेदक बसवून पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सकाळी मुलांना सोडण्याच्या वेळी नायट्रोजन डायऑक्साइड २३ टक्क्यांपर्यंत घटला होता. हा आकडा मोठा आहे, पण तो आतल्या गल्ल्यांचा आहे. त्याच लंडनमध्ये २०१३ साली एला किसी-डेब्राह ही नऊ वर्षांची मुलगी दम्याने गेली. तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषण कारणीभूत ठरलं, असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने डिसेंबर २०२० मध्ये दिला. ती 'साउथ सर्क्युलर' या हमरस्त्याजवळ राहत होती. हमरस्ता पंधरा मिनिटंही बंद होत नाही. तिथे परवाना देण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून ज्या शाळांसमोर सगळ्यात जास्त धूर आहे, त्याच या योजनेबाहेर राहतात.

१९३८ च्या पाटीने बंदी लिहिली आणि सूट मोघम सोडली. आजच्या योजनांत सूट काटेकोर आहे, पण यादी दर वर्षी थोडी थोडी लांबवण्याचा मोह तसाच आहे. म्हणून एखाद्या शहरात अशी गल्ली जाहीर झाली, की आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो: परवाने किती दिले, आणि कोणत्या शाळांना ही गल्ली मिळूच शकली नाही? त्यांची उत्तरं मिळाली, की ती गल्ली वीस वर्षांनी कशी असेल याचा बराचसा अंदाज येतो.

आता आपल्या प्रश्नांकडे वळू या.