ऋद्धिपुरास आलेलीं घराणीं

अमरावतीहून मोर्शीच्या बाजूस गेलें म्हणजे ऋद्धिपूर लागतें. पाहणारास तें एक लहानसें गांव दिसतें. परंतु १३ व्या शतकाच्या उत्तरार्धांत गोदावरीकांठचीं कितीएक माणसें घरेंदारें सोडून याच गांवीं येऊन राहिलीं. त्यांत शास्त्र जाणणारे पंडित होते, संपन्न गृहस्थ होते, विधवा होत्या आणि लेकरांमागून आलेल्या वृद्ध माताही होत्या. यादवांच्या ताम्रपटांत राजांच्या पिढ्या सांपडतात. साध्या माणसांचीं नातींगोतीं सांपडत नाहींत. तीं सांपडतात महानुभावांच्या पोथ्यांत.

या पंथाचा आरंभच देशांतरानें झाला. पंथाच्या परंपरेप्रमाणें चक्रधर हे मूळचे गुजराथचे. भडोचच्या विशाळदेव प्रधानाचे पुत्र हरपाळदेव रामटेकच्या यात्रेस म्हणून निघाले. वाटेंत ऋद्धिपुरीं त्यांस गोविंदप्रभूंचें दर्शन झालें आणि चक्रधर हें नांवही तेथेंच मिळालें. गोविंदप्रभु जवळच्याच काटसुरें गांवीं जन्मलेले. लहानपणींच आईबाप गेल्यामुळें आप्तांनीं त्यांस ऋद्धिपुरीं आणून वाढविलें. परदेशाहून आलेला एक शिष्य आणि पोरका झालेला एक गुरु, अशा दोघांपासून ही परंपरा सुरू झाली.

१२७४ च्या सुमारास चक्रधर उत्तरापंथास निघून गेल्यावर त्यांचे शिष्य ऋद्धिपुरास आले व गोविंदप्रभूंच्या सेवेंत राहिले. त्यांचे पुढारी नागदेवाचार्य. त्यांच्याबरोबर त्यांची आई आबाइसा होती, बहीण उमाइसा होती आणि चुलतबहीण महदाइसाही होती. गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगासाठीं धवळे रचणारी मराठीची आद्य कवयित्री ती हीच. सराळ्याचे म्हाइंभट मोठे विद्वान व धनवान. विद्येच्या अभिमानानें चक्रधरांशीं वाद करावयास आलेले, आणि अखेर त्यांचेच चरित्रकार झालेले.

येथें एक चमत्कार लक्षांत येतो. स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषेंकरून आप्तसंबंधियांचा संबंध टाकावा, अशी चक्रधरांची स्पष्ट शिकवण होती. मग देश, गांव आणि नातें यांची इतकी बारीक नोंद त्यांच्याच अनुयायांनीं कां ठेवावी?

याचें उत्तर म्हाइंभटांच्या लेखनपद्धतींत आहे. गुरूची लीला लिहावयाची तर ती पाहिलेला साक्षीदार पाहिजे. आणि साक्षीदार म्हटला कीं त्याचें नांव, गांव व प्रसंगींचें स्थान सांगणें आलें. म्हाइंभट ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें त्यांस गांठून विचारीत आणि मिळालेली हकीकत नागदेवाचार्यांकडून तपासून घेत. लीळाचरित्र हा ग्रंथ असा सिद्ध झाला. पुढें १४ व्या शतकाच्या आरंभींच्या परचक्रांत मूळ पोथी नाहींशी झाली, तेव्हां तो स्मरणावरून पुन्हा उभारावा लागला. त्यांतील एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नांवानें ओळखला जातो. जेथें दोघांच्या सांगण्यांत फरक पडला, तेथें दोन्ही ‘वासना’ नोंदवून ठेविल्या. आपली आठवण चुकीची असूं शकेल, हें मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा आहे.

रक्ताचें नातें सुटलें, पण त्याच्या जागीं दुसरें आलें. मराठींत अन्वय म्हणजे वंश. महानुभावांनीं तो शब्द गुरुशिष्यांच्या परंपरेस लावला. नागदेवाचार्यांमागून बाइदेवबास, त्यांच्यामागून भास्करभट्ट बोरीकर, अशी पिढी चालली. पुढें पंथाचे तेरा आम्नाय झाले आणि कृष्णमुनींनीं ‘अन्वयस्थळ’ लिहून या शाखांची वंशावळच मांडली. सोडलेलें गांव मात्र नांवास चिकटून राहिलें. बोरीकर तसेच ‘ज्ञानप्रबोध’कार विश्वनाथ बाळापूरकर, हें नांव ऐकतांच अकोलेकरांस मन-म्हैस नद्यांच्या संगमावरील बाळापूर आठवल्याशिवाय राहत नाहीं.

धर्मासाठीं घर सोडणारीं घराणीं अन्यत्रही झालीं. फ्रीसलंडमधील मेनो सायमन्स या कॅथलिक धर्मोपदेशकानें १५३६ सालीं आपलें पद सोडलें. त्याच्या नांवानें ओळखले जाणारे मेनोनाइट लोक शस्त्र धरीत नसत. छळामुळें आणि पुढें सैन्यांतील सक्ती टाळण्यासाठीं तीं कुटुंबें नेदर्लंडांतून विस्तुला नदीच्या मुखाकडे, तेथून १७८९ सालीं नीपर नदीकांठीं खोर्तित्सा येथें आणि १८७४ पासून कॅन्सस व मॅनिटोबाकडे गेलीं. जन्म, विवाह व मृत्यु यांच्या वह्या त्यांनीं जपल्या. महानुभावही अहिंसाव्रती, पण मेनोनाइटांची वंशावळ मुख्यतः रक्ताची, तर महानुभावांचा अन्वय गुरुशिष्यांचा.

पोथ्या जपण्यासाठीं महानुभावांनीं त्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. त्यांतील सकळ लिपी रवळोबासांची. पोथ्या तरल्या, पण त्याची किंमतही पडली. जें वाचतां येत नाहीं त्याविषयीं लोक वाईटच कल्पना करतात. महानुभावचें मानभाव झालें, ‘मानभावी’ म्हणजे ढोंगी असा अर्थ रूढ झाला, आणि मुंगीही न मारणाऱ्या पंथावर ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण लादली गेली. दरम्यान पंथाची एक शाखा जयकृष्णी या नांवानें पंजाबांत, पेशावराकडे आणि काबूलपर्यंत पोहोंचली. तेथेंही धर्मभाषा मराठीच राहिली. १९४७ च्या फाळणींत त्या बाजूच्या कुटुंबांस पुन्हा घरें सोडावीं लागलीं.

२० व्या शतकांत राजवाडे व भावे यांनीं लिपीचें कोडें उलगडलें. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि मलकापूरकडील नरवेल गांवीं जन्मलेले वि. भि. कोलते यांनीं हें वाङ्मय प्रकाशांत आणलें. २०२४ सालीं ऋद्धिपुरास मराठी भाषा विद्यापीठाचें काम सुरू झालें.

वऱ्हाडांतील कोणत्याही सुशिक्षित घरांत पणजोबांच्या आईचें नांव विचारून पाहावें. वाडा, शेत व वतन यांचे कागद निघतील. त्या माउलीचें नांव बहुधा निघणार नाहीं. नागदेवाचार्यांनीं घर, गांव, आप्त सर्व टाकलें; तरी त्यांच्या आईचें नांव आबाइसा होतें, हें आजही सांगतां येतें.