बोलका हातमोजा
कर्णबधिर व्यक्तीच्या हस्तसंकेतांचे लिखित वा उच्चारित शब्दांत रूपांतर करण्यासाठी हातात घालावयाचे इलेक्ट्रॉनीय उपकरण. बोट वाकले की मोज्यातील संवेदक पट्टीचा विद्युत् रोध बदलतो. हाताची दिशा व गती निराळे संवेदक मोजतात. ही मापे साठविलेल्या नमुन्यांशी ताडून जुळणारा शब्द पडद्यावर उमटविला जातो किंवा ध्वनिक्षेपकातून ऐकविला जातो.

बोटांचे वाकणे मोजणारा मोजा टॉमस डिफँटी व डॅनिएल सँडिन यांनी १९७७ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात तयार केला. मात्र त्याचा उद्देश भाषांतराचा नव्हता. अमेरिकन हस्तवर्णमाला ओळखणाऱ्या मोज्याचे एकस्व बेल प्रयोगशाळेतील गॅरी ग्राइम्स यांच्या नावे १९८३ मध्ये नोंदले गेले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स क्रेमर व लॅरी लायफर यांनी मोज्याला वाणीची जोड दिली. वॉशिंग्टन विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांच्या मोज्यांना २०१६ मध्ये लेमेल्सन–एमआयटी पारितोषिक मिळाले, तेव्हा भाषाशास्त्रज्ञांनी व कर्णबधिरांनी त्यांवर आक्षेप घेतले.

सांकेतिक भाषा केवळ हातांची नसते, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. भुवया उंचावल्याने विधानाचा प्रश्न होतो. मोज्याला ते कळत नाही. शिवाय ऐकणाऱ्याचे उत्तर तो कर्णबधिरापर्यंत पोहोचवीत नाही. अमेरिकन हस्तवर्णमाला एका हाताची, तर भारतात रूढ असलेली इंग्रजी हस्तवर्णमाला दोन हातांची असल्याने येथे एक मोजा पुरत नाही.

नमुन्यांसाठी प्रमाणित शब्दसंग्रह लागतो. नवी दिल्ली येथील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या (स्थापना २०१५) कोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते. २०२१ मध्ये ते १०,००० झाले. परंतु कोशातील संकेत शाळेतून वा कर्णबधिरांच्या सहवासातूनच आत्मसात होतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील आनंदवनात कर्णबधिर मुलांची शाळा आहे. तथापि चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग) या जिल्ह्यांतील विखुरलेल्या वनग्रामांत शाळेपासून दूर राहिलेल्या मुलाजवळ घरातील माणसांनाच उमगणाऱ्या खुणा असतात. त्या कोणत्याही कोशात नसल्याने मोजा त्या ओळखू शकत नाही. घरची भाषा गोंडी, माडिया वा तेलुगू असल्यास मोज्यातून निघणारे मराठी वा इंग्रजी शब्दही कुटुंबाला परकेच ठरतात. म्हणून अशा प्रदेशात लहान वयात संकेतशिक्षण, पालकांचे प्रशिक्षण व दुभाषे यांची गरज आधीची असून मोजा हे त्यानंतरचे पूरक साधन होय.