जुन्या डेस्कटॉपची रॅम : बसते ती चालतेच असे नाही
जुना डेस्कटॉप मंदावला, की रॅम वाढवणे हा नवा संगणक घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय ठरतो. मात्र स्लॉटमध्ये बसणारी प्रत्येक रॅम चालतेच असे नाही. खरी मर्यादा मदरबोर्ड आणि प्रोसेसरची असते.

पहिली कसोटी पिढीची. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असतात. पण कडेवरील खाच निराळ्या जागी असल्याने त्या परस्परांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. डीडीआर४च्या पिना २८८ असतात.

दुसरी कसोटी क्षमतेची. इंटेल एच६१ चिपसेटवर कमाल १६ जीबी, तर जी४१वर ८ जीबी रॅम चालते. जी४१साठी ४ जीबीची पट्टी घेताना १६ चिपांची पाहून घ्यावी. ८ चिपांची पट्टी तेथे सहसा चालत नाही. विंडोज ३२ बिटची असल्यास ४ जीबीपलीकडची रॅम वायाच जाते.

सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्त मिळते, दिसायलाही तशीच असते; परंतु घरगुती डेस्कटॉपवर तिने संगणक सुरूच होत नाही. निरनिराळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्यास सर्व पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालतात.

म्हणून खरेदीपूर्वी ‘सीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्रॅममध्ये मदरबोर्डचे मॉडेल आणि सध्याच्या रॅमचा तपशील पाहावा, निर्मात्याच्या संकेतस्थळावर कमाल क्षमता पडताळावी आणि पट्टी न चालल्यास बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.